मडीचा संगणक

कुंभकोणम्,
९ नोव्हेंबर २०२५

चि. रविशंकर यास अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस. येथे सगळे आहोत तसे आहोत. फोन सोडून पत्र कशाला, तर घर दोन खोल्यांचं आणि तुझ्या भावजींचे कान शाबूत. अर्धांगाच्या झटक्याने जीभ गेली, उजवा हात गेला, पण ऐकणं-समजणं जसंच्या तसं आहे, असं डॉक्टरही म्हणाले. फोनवर तुझ्याजवळ दोन शब्द मन मोकळं करावं, तर खाटेवरून ते दोन डोळे माझ्याकडेच लागलेले. म्हणून त्यांचा डोळा लागलाय तोवर हे लिहिते. आयुष्यभर हिंदीच्या शिकवण्या घेतल्या, त्यामुळे अक्षर हिंदी आणि भाषा कुंभकोणची, आपली तंजावूरकडची मराठी. पुणेकरांनी सांभाळून घ्यावं.

काम तुझ्याच खात्यातलं आहे. गोविंदपुरम्‌च्या भजनमंडळीचा पत्रव्यवहार करायला ह्यांनी तो वीतभर संगणक घेतला होता, आठवतो? तूच तेव्हा पेपरातल्या तुझ्या सदरात नेटबुक, नेटबुक म्हणून डोकं उठवलं होतंस. तेच आता ह्यांचं तोंड झालंय. मी खाटेच्या कडेला बसते, तो माझ्या मांडीवर ठेवते आणि हे डाव्या हाताच्या एका बोटाने इंग्रजी अक्षरांत आपलं घरचं बोलणं लिहितात, अर्धं मराठी आणि अर्धं तमिळ. पण यंत्र म्हातारं झालं रे. अक्षर दाबलं की ते पडद्यावर यायला आळस करतं. तोवर पुढचा शब्द मी ओळखायचा. 'उ' आणि 'श' आले की मी उशी सरकवते आणि निघतो 'उशीर'. मग हे कपाळाला हात लावतात. एका रसमच्या चौकशीत माझी अर्धी सकाळ जाते आणि तिकडे चुलीवर रसम आटून बसतं.

तेही चालवलं असतं. पण त्याची बॅटरी मेली आहे आणि येथे ऐप्पशी महिन्याचा पाऊस चालू आहे. वीज गेली की हे मुके. परवा असेच दिवे गेले आणि हे डाव्या हाताने खाट बडवू लागले. पाणी दिलं, पांघरूण घातलं, पाठ चोळली, नको, नको, नको. वीज आली तेव्हा कळलं की पोटरीत गोळा आला होता. तेवढा वेळ माणूस कळवळत होता आणि मी शेजारी उभी राहून उशा बदलत होते. त्या दिवसापासून मला आकाशात ढग आले की धस्स होतं.

तेव्हा चांगला, लहान, चपळ, वीज गेली तरी चालेल असा एक बघ. बाकी सगळं हळूहळू चाललंय. दमते मी. बास, एवढंच.

माझ्या भावजयीला, श्रीलक्ष्मीला, आशीर्वाद. आमच्यावरची माया पुण्याच्या थंडीत गोठू देऊ नकोस.
तुझी अक्का
विजयलक्ष्मी


पुणे,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. अक्काच्या चरणी रवीचा दंडवत. भावजींना वेगळा, कारण त्यांना एकत्र नमस्कार चालत नाही.

पत्र दोनदा वाचलं. पोटरीच्या गोळ्याचं वाचून श्रीलक्ष्मीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या लक्षात आलं की मी इतके दिवस फोनवर तुला 'सगळं ठीक ना' एवढंच विचारत आलो.

आता कामाचं. तुझं नेटबुक म्हणजे आता पुराणवस्तू आहे. तो शब्दच दुकानातून गेला. मुलांना विचारलं तर ते वहीचा प्रकार समजतील. त्या जातीची आज तीन पिल्लं आहेत. एक अगदी तळहाताएवढं, खेळ खेळणाऱ्या हौशी पोरांसाठी. वेग तुफान, पण बटणं मुगाच्या दाण्याएवढी, आणि पंखा असा घोंघावतो की भावजी उठून बसतील. दुसरं स्वस्तातलं. दिसायला गोंडस, पण आत साठवणीला फोनमधली असते तसली संथ चिप आणि मेमरी तुटपुंजी, तीही कायमची डाख देऊन बसवलेली, नंतर वाढवता येत नाही. असल्याला मी सदरात 'पहिला महिना सासरा, मग जावई' म्हणतो, आधी ते आपली सेवा करतं, मग आपण त्याची. शिवाय सध्या मेमरीचे भाव सगळीकडे चढलेत, त्यामुळे दुकानदार जुना माल नव्या खोक्यात पुढे करतायत. तिसरं पिल्लू मात्र बरं आहे. अकरा इंची, बिनपंख्याचं, म्हणजे आवाज नाही आणि खालून भाजतही नाही. बटणं मोठ्या संगणकाएवढी. बॅटरी पावसातली दुपार सहज काढेल. ते घेतलं.

त्यात एक सोय चालू करून दिली आहे. एका हाताच्या माणसाला दोन बटणं एकदम दाबता येत नाहीत, तर आता एकामागून एक दाबली तरी चालतात. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा आवाजही आहे. आणि सोबत एक लोखंडी हात पाठवतो. तो खाटेला आवळायचा आणि संगणक त्यावर बसवायचा, म्हणजे तो भावजींच्या छातीसमोर अधांतरी राहील. तुला जवळ बसून राहायची गरजच नाही. तू स्वयंपाकघरात असलीस तरी ते बोलतील आणि तुला ऐकू येईल. थोडक्यात, तुझी सुटका.

जुनं यंत्र भंगारात देऊन टाक. खोक्यात श्रीलक्ष्मीने गोडा मसाला घातलाय. तू नाक मुरडशील, पण घातलाय.

रागावलीस तरी लिहीत राहा, म्हणजे आम्ही तुझे आहोत हे आम्हाला कळत राहील.
तुझा
रवी


कुंभकोणम्,
८ डिसेंबर २०२५

चि. रवी यास खोकंभर आशीर्वाद.

खोकं पोचलं. तुझ्या सदरात असतो तसा मी अभिप्राय लिहिते, हवा तर छाप. झाकण उघडलं की यंत्र जागं. पूर्वी मी बटण दाबून फिल्टरची कापी गाळून आणायचे तेव्हा कोठे ते डोळे उघडायचं. अक्षर दाबायच्या आत उमटतं म्हणावं इतका वेग. वादळात दोनदा वीज गेली आणि हे अंधारात बोलत होते. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा बघून मला तुझ्यावरून मीठमोहरी ओवाळावीशी वाटली.

आवाज मात्र कोण्या दुरैसाणीचा, गोऱ्या मडमेचा आहे. आपलं बोलणं ती बाई इंग्रजीसारखं वाचते. 'कापी' तिला कशीबशी जमते, 'उशी'चं ती काय करते ते कागदावर लिहिता येत नाही. हे मुद्दाम तिच्याकडून 'पुळ्ळिच्चं' असला जीभ वळवणारा तमिळ शब्द वदवून घेतात आणि खांदे हलवत बसतात. वेगाचा एक तोटा तू सदरात लिहीत नाहीस, तो लिही. नवरा भराभर बोलू लागतो. रसमला मीठ कमी, पडदा वाकडा, शेजारच्या सुब्बलक्ष्मीने रेडिओ मोठा लावलाय. जुन्या यंत्राने एवढं बोलायला पोंगल उजाडलं असतं!

पण खरं सांगते, बरं वाटलं. दुपारी मी आतल्या खोलीत जाऊन पाठ टेकते. स्वामीनाथ म्हणून एक माणूस ठेवलाय, तो ह्यांना उठवतो, अंघोळ घालतो. सुब्बलक्ष्मीला बसवून शुक्रवारी गोविंदपुरम्‌ला जाऊन आले. विठ्ठलापुढे बसल्या बसल्या चक्क डुलकी लागली, आणि कोणी उठवलं नाही. लोखंडी हात उत्तम. जुनं यंत्र भंगारात द्यायला मन होईना, माळ्यावर ठेवलं आहे.

गेल्या आठवड्यापासून मात्र एक नवीन टूम निघाली आहे. हे मधूनच 'मडी' एवढंच लिहितात. तुमच्या पुण्याचं सोवळं ते आमची मडी, हे तू विसरला नसशीलच. आजारपणात सगळं सैल झालं होतं. न्हाऊन-धुऊन रांधायला मला कोठला वेळ? आता वाचा आली तशी आठवण झाली असणार. बघते कसं जमतं ते.

गोडा मसाला सांबारात घालून पाहिला. क्षमा केली आहे.

तुम्हा दोघांवर जीव आहे, तो असाच मागून घेत राहा.
अक्का


पुणे,
१६ डिसेंबर २०२५

ती. अक्का, दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुझा अभिप्राय नाव न घेता सदरात छापला. 'नवरा भराभर बोलू लागतो' ह्या वाक्यावर मला आजवर आलेल्या सगळ्या पत्रांपेक्षा जास्त पत्रं आली, बहुतेक बायकांची. संपादकांनी विचारलं की ह्या लेखिका कोण. मी सांगितलं नाही, नाहीतर सदर हातचं जायचं.

मडीचं वाचून हसलो. तुझ्या लग्नानंतर मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो होतो, आठवतं? रेल्वेच्या कपड्यांनी आलास म्हणून भावजींनी मला अंगणातच उभं केलं, डोक्यावर घागर ओतली आणि मगच पाण्याचा पेला हाती दिला. माणूस बदलत नाही. म्हणजे बरे होतायत असं मी धरतो. पण तू जिवाला जपून कर. सोवळं त्यांचं आणि गुडघे तुझे, हे त्यांना एकदा सांग.

मधून मधून रागव, पण पत्र चुकवू नकोस.
रवी


कुंभकोणम्,
११ जानेवारी २०२६

चि. रवीस आशीर्वाद.

ह्या वेळी थट्टा नाही रे. अंगात ताकदच नाही.

महिना झाला, मी मडी धरली आहे. मार्गळी महिन्याच्या गारठ्यात उजाडायच्या आत डोक्यावरून अंघोळ, कोणाचा हात न लागलेलं, उंच काठीवर वाळलेलं नऊवारी, त्यातच स्वयंपाक, त्यातच नैवेद्य. मडीत कोणाला शिवायचं नाही, म्हणून ताट मी दारातून सरकवते आणि स्वामीनाथ भरवतो. मी उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहून जेवण झालं का ते बघते. गुडघे सुजलेत. काठीवर साडी टाकताना खांदा धरतो. पण म्हटलं, ज्या माणसाचं सगळं गेलं त्याची एवढी एक इच्छा असेल तर होऊ दे.

आणि तरीही हे 'मडी'च लिहितात. यंत्रातली ती बाई भिंतीपलीकडून 'मॅडी, मॅडी' करत राहते. मला काही कळेनासं झालं आहे. पाण्याची कळशी वेगळी केली, पूजेची भांडी चिंच लावून पुन्हा घासली, स्वामीनाथलाही अंघोळ करून ये म्हटलं. त्यालाच आता माझी दया येते. हे बाकीचं बोलणं हळूहळू बंद करत चाललेत. रसमला नावं ठेवत नाहीत. परवा ताट पुढे गेलं तर मान फिरवली आणि डाव्या हाताने स्वामीनाथला ढकललं. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, नवीन काही नाही, मन उदास आहे. उदास होणारच. पण आता आणखी काय करू, ते मला कोणी सांगत नाही.

परवा मी रडले आणि ओरडले. म्हटलं, अजून किती मडी पाहिजे तुम्हाला? मी दगडाची आहे का? ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही एकाच बाजूने पुसता येतं त्यांना. मला माझीच लाज वाटली, पण राग गेला नाही.

तंजावूरच्या वाटेवर आजारी म्हाताऱ्यांना सांभाळायची एक जागा आहे. मी जाऊन बघून आले. खोली स्वच्छ आहे, खिडकीबाहेर केळी आहेत, ब्राह्मणी स्वयंपाक आहे. ह्या महिनाअखेर कळवा म्हणाले, नाहीतर खोली दुसऱ्याला देतील. ह्यांना अजून बोलले नाही. पन्नास वर्षांच्या संसारानंतर मी असं लिहिते आहे, तर तू मला काय म्हणशील? म्हण. पण खरं ते म्हण. मी पाठवू का ह्यांना?

दमले रे रवी. लोभ तुझ्याकडून थोडा उसना हवा आहे.
अक्का


पुणे,
१९ जानेवारी २०२६

अक्का, नमस्कार. ह्या वेळी तुझे पाय नुसते लांबून धरवत नाहीत.

पत्र मिळाल्यापासून घरात आम्ही दोघं ह्याच विषयावर बोलतोय. तू विचारलंस म्हणून सांगतो. पाठवलंस तर मी तुला एका शब्दाने दोष देणार नाही, आणि दुसऱ्या कोणी दिला तर त्याच्याशी भांडेन. तू आधी उभी राहायला हवीस. फक्त भावजींना विचारल्याशिवाय पाठवू नकोस. त्यांना सगळं कळतं, असं तूच लिहिलं आहेस. मी आलो तर चालेल का? आठवड्याभरात निघू शकतो. तिकिटाचं बघतो आहे.

माझी एक शंका आहे. ह्या नव्या यंत्रांना आपणहून शब्द सुचवायची खोड असते. दोन-तीन अक्षरं लिहिली की पूर्वी लिहिलेला शब्द ती पुढे करतात, आणि बोट चुकून लागलं की तोच बसतो. भावजींना भलतंच काही लिहायचं असेल आणि यंत्र 'मडी' टाकत असेल, असंही होईल. ती सोय कशी बंद करायची ते मागच्या पानावर चित्र काढून दिलंय. करून बघ. घेताना ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, हे मात्र मला खातंय.

तुला हसायला काही मिळावं म्हणून एक सांगतो. तुमच्याकडे सरकार कॉलेजच्या मुलांना लॅपटॉप वाटतं, त्यावर ह्या आठवड्यात सदर लिहिलं. त्याचं तमिळ नाव छापायचं ठरलं, मडिक्कणिनी. लॅप म्हणजे मडी, बरोबरच आहे. पण आपल्या घरातली मडी आठवून मला एकट्यालाच हसू फुटलं. संपादकांना समजावून सांगितलं की आमच्या गावी ह्याचा अर्थ सोवळ्यातला संगणकही होईल, न शिवता वापरायचा. ते बिचारे गंभीरपणे लिहून घेऊ लागले.

जेवत जा. उसना नाही, लोभ सगळा तुझाच आहे, हवा तेवढा ने.
रवी


कुंभकोणम्,
२८ जानेवारी २०२६

चि. रवी, औक्षवंत हो. तिकीट काढलं असलंस तर मोडू नकोस, पण आता घाईने नको, सावकाश ये.

तुझं पत्र मी चुलीपाशी मडीतच उभी राहून वाचायला घेतलं. तुझं चित्र बघितलं आणि यंत्राची ती खोड बंद करायला निघाले होते. वाटेत शेवटचा भाग वाचला. मडिक्कणिनी. लॅप म्हणजे मडी. रवी, मी तेथेच उंबऱ्यावर बसले. जन्म ह्या गावात गेला, अख्खा बाजार तमिळमध्ये केला, आणि मांडीला तमिळमध्ये मडी म्हणतात हे मला इतके दिवस सुचलं नाही. कारण घरात मी 'मांडी' म्हणते आणि ह्यांच्या तोंडची 'मडी' मला एकाच अर्थाने ठाऊक. एका बोटाने लिहिणारा माणूस दोन्ही भाषांतला जो शब्द आखूड तोच घेणार. यंत्र कोठेही चुकलं नव्हतं.

हे माझी मांडी मागत होते. लोखंडी हात नको, तू येऊन बस, एवढंच. आणि एकदा मागितलेलं दुसऱ्या शब्दांत उलगडून मागणं ह्यांच्या स्वभावात कधी नव्हतं. आणि मी काय केलं, तर स्पर्शच नको अशी मडी धरून रोज एक हात आणखी लांब गेले.

मी तशीच उठले, खाटेच्या कडेला बसले आणि ह्यांचा हात धरला. मडी मोडली. हे आधी माझ्या साडीकडे बघत राहिले. मग मी तो लोखंडी हात सोडवायला लागले. ह्यांना समजलं. ती मळसूत्रं काही केल्या सुटेनात, शेवटी स्वामीनाथने सोडवली. संगणक माझ्या मांडीवर आला. ह्यांनी काय लिहिलं असेल? 'रसम खारट.' आदल्या दिवसाचं. मी रडत होते आणि हसत होते, आणि स्वामीनाथला वाटलं की आता मलाही काही झालं.

त्या जागेचं मी ह्यांच्यापाशी सगळं बोलले, तू सांगितलंस म्हणून. ह्यांनी डावा हात बटणांवर नेला. लिहिलं की तू थकलीस तर जातो. असं लिहिल्यावर माणसाने काय करावं? खोली नको म्हणून कळवलं. पण थकवा गेला असं लिहिणार नाही, खोटं होईल. गुडघे तसेच आहेत. स्वामीनाथ आता दिवसभर येणार आहे, दुपारची झोप मी सोडलेली नाही, आणि मडी फक्त सणावारी धरायची हे ह्यांच्याकडून लिहून घेतलं आहे.

तुझ्या सदरासाठी अभिप्रायाचा उरलेला भाग देते. यंत्र वेगवान आहे, तक्रार नाही. पूर्वी ते हळू होतं म्हणून आम्ही दोघं थांबायचो. आता ते थांबत नाही, तर हेच थांबतात. दोन अक्षरं लिहितात आणि बोट उचलून माझ्याकडे बघत बसतात, मी पुढचं ओळखेपर्यंत. आज सकाळी 'का' लिहून थांबले. मला कळलं नाही का? सकाळची वेळ, दुसरं काय असणार? पण मी विचारलं, काशीला जायचं? कारलं करू? काजळ घालू? प्रत्येकाला मान हलवत हे हसत होते, आणि रवी, झटका आल्यापासून पहिल्यांदा त्या हसण्याला आवाज होता. पलीकडून सुब्बलक्ष्मी धावत आली, कोण हसलं म्हणून. कापी तेवढी पार गार झाली.

लोखंडी हात परत पाठवते आहे. तुझ्या कोण्या वाचकाला उपयोगी पडेल. तुझ्यावर माया आहे, हे दोन अक्षरांत ओळख.
तुझी
अक्का